हिरा, फॉर्मलिन मी ओतलं

मैत्रेयी, निखिल,

आजी, हिरामावशीबद्दल काहीतरी लिहून पाठव, असं तुम्ही फोनवर म्हणालात. मी हो म्हटलं आणि त्यानंतर आठ दिवस टेबलाशी बसून नुसते कागद सारखे करत राहिले. मैत्रेयी, त्याच फोनवर तू आणखी एक विचारलं होतंस. शेवटच्या वर्षाला मॉलिक्युलर बायॉलॉजीचा प्रबंध करायचा आहे, तर प्रयोगशाळेतला घेऊ, संगणकावर आधीची माहिती तपासण्याचा घेऊ, की नुसतं वाचून लिहायचा घेऊ? तुला हे दोन वेगळे विषय वाटले असतील. मला ते वेगळे करता येईनात, म्हणून एकत्रच लिहिते आहे.

आत्ताच का, तर हिरामावशीची नात सायली, जी खारघरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे आणि सोमवार ते शुक्रवार माझ्याकडे राहते, तिलाही प्रबंधाचा प्रकार कायम करण्याचा फॉर्म भरायचा आहे. शनिवारी दुपारपर्यंत. आज मंगळवार आहे. तिने फॉर्म भरायच्या आत मला तिला एक गोष्ट सांगायची आहे, आणि मला ती सांगता येत नाहीये.

इंग्रजीत लिहिलंस तर पटकन वाचता येईल, असं निखिल म्हणाला. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, मी शिकवलंही इंग्रजीत, घरातल्या डब्यांवरची नावंसुद्धा इंग्रजीत लिहिते हे तुम्हाला माहीत आहे. पण हिराशी मी कधी एक वाक्य इंग्रजीत बोलले नाही. हे पत्र तिला आहे. तुम्ही शेजारी बसा आणि सावकाश वाचा.

हिरा,

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. बाराव्याला मी तुझ्या गावी, करंज्याला आले होते. तुझ्या दारात माणसं दाटली होती. बोंबील वाळत घालायच्या वलांड्या त्या दिवशी रिकाम्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे बायका बसल्या होत्या. सायली आत पानं मांडत होती. मला बघून म्हणाली, "बाई, खुर्ची देऊ?" त्यापलीकडे काही नाही. मला वाटलं, आत्ताच सांगावं. तेवढ्यात तुझी सून पाणी घेऊन आली. मग वाटलं, इतक्या माणसांत नको. परतीच्या एसटीत उरण सुटल्यावर ठरवलं, ती पनवेलला आली की सांगू. ती काल आली. आत्ता पलीकडच्या खोलीत आहे. तिची खुर्ची सरकल्याचा आवाज आला की माझा हात कागदावरून उठतो.

सांगायचं एवढंच आहे, की तिच्या नळ्यांत फॉर्मलिन मी ओतलं. तू नाही.

हे तुला माहीत आहे. मुलांना माहीत नाही, म्हणून अगदी पहिल्यापासून सांगते. मधे बोलू नकोस.

मी पनवेलच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आले तेव्हा पहिल्या दिवशी सगळ्या बरण्या टेबलावर मांडून घेतल्या. जुन्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या आणि स्वच्छ इंग्रजी अक्षरांत लॅटिन नावं लिहिली. तू प्रयोगशाळेतली परिचर. माझ्याहून चार वर्षांनी लहान, डोक्यावर भरगच्च वेणी, हातात ओलं फडकं. चौथीपर्यंत शिकलेली. तू प्रत्येक बरणी पुसत होतीस आणि पुसता पुसता त्यातल्या माशाला नावाने हाक मारत होतीस. शिंगाला, निवटी, ढोमी. मी म्हटलं, "हिराबाई, इथे शास्त्रीय नावं वापरायची." तू म्हणालीस, "वापरा की. पण नाव लांब ठेवलं म्हणून मासा मोठा नाय व्हत, बाई."

मला राग आला होता. संध्याकाळी घरी जाऊन मी ते वाक्य सांगितलं तेव्हा मैत्रेयीचे आजोबा इतके हसले की चहा सांडला. दुसऱ्या दिवसापासून मी तुला हिरा म्हणू लागले. तू मला बाईच म्हणत राहिलीस.

आपलं भांडण ढोमीवरून होतं. आपलं म्हणजे खरं तर तुझं, कारण मी ते भांडण आहे असं फार वर्षं मानलंच नाही. ढोमी म्हणजे वीतभराचा, रुपेरी, बाजारात टोपलीने मिळणारा मासा. तुझं म्हणणं, करंज्याच्या बंदरावर ढोमी म्हणून जे विकतात त्यात दोन वेगळे मासे आहेत. एक चिखलातली, एक दगडातली. मी पुस्तक काढायचे, खवले मोजायचे, पराचे काटे मोजायचे आणि सांगायचे, "एकच आहे. लहानमोठा फरक असतो."

"लहानमोठा नाय. येगळीच हाय."

"कशावरून?"

"चवीवरून. तुमी खात नाय, तुमाला काय ठावं!"

हे खरं होतं. तीस वर्षं मी मासे शिकवले आणि एकदाही चाखले नाहीत. मैत्रेयी, निखिल, तुम्ही सुट्टीत यायचात तेव्हा हिरामावशी तुम्हाला करंज्याला नेऊन खाऊ घालायची आणि परत आणून सोडताना माझ्याकडे बघून म्हणायची, "पोरान्ला कळलं दोन चवी. बाईन्ला अजून कळायचं हाय."

निवृत्त झाल्यावर तू करंज्याला परत गेलीस आणि पहाटेच्या लिलावात जाऊन बसू लागलीस. मी पनवेललाच राहिले, माझी पुस्तकं आणि बाल्कनीतल्या कपाटातल्या वीसेक बरण्या सांभाळत. आपली भेट महिन्याला एकदा. भांडण तेच.

मग सायली मोठी झाली आणि तिने ते भांडण उचललं. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट निवडायचा होता. तीन प्रकार होते: प्रयोगाचा, संगणकावरचा आणि वाचून लिहायचा. वर्गातल्या बहुतेकांनी संगणकावरचा घेतला, कारण त्यात नमुने कुजत नाहीत, रसायनं संपत नाहीत आणि वेळेवर पूर्ण होतो. सायली जेवताना मला म्हणाली, "बाई, मी आज्जीची ढोमी घेणार. माशाचा बारीक तुकडा घ्यायचा, त्यातला डीएनए काढायचा, त्यातला एकच ठरलेला भाग मशीनवर वाढवायचा आणि अक्षरं वाचायची. सगळ्या माशांची अक्षरं जुळली तर तुम्ही जिंकलात. दोन ढीग पडले तर आज्जी जिंकली."

मी म्हटलं, "बघ हं, मी हरत नाही." मी हसत होते. मनात धाकधूक होती, हेही खरं. इतकी वर्षं ज्या मुलांना मी "एकच आहे" म्हणून शिकवलं ती आता कुठे कुठे शिकवत असतील.

काम तुझ्याकडे होतं. नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या तसं तू रोज लिलावात एक ढोमी निवडायचीस. एकच. अंगठ्याएवढ्या नळीत सायलीने भरून दिलेलं अल्कोहोल, त्यात मांसाचा वाटाण्याएवढा तुकडा, वरून टोपण. सायली रविवारी घरी आली की नळ्यांवर तारखा लिहायची आणि सोमवारी कॉलेजात नेऊन ठेवायची. दिवाळीपर्यंत तेहतीस नळ्या झाल्या. ज्या दिवशी वारा होता, होड्या गेल्या नाहीत किंवा जाळ्यात ढोमीच आली नाही, त्या दिवसांची नळी नाही. तू एकही दिवस खोटा भरला नाहीस. सायलीच्या सरांनी विचारलं, "गोळा कोण करतं?" ती म्हणाली, "माझी आज्जी." सर म्हणाले, "आमच्या पीएचडीच्या मुलांना पाठवू का तिच्याकडे शिकायला?" हे तिने तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "पाठवा. पाटी उचलता याया पायजे."

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजची प्रयोगशाळा बंद राहणार होती, म्हणून सायलीने नळ्यांचा डबा माझ्या फ्रीजमध्ये ठेवला. तू त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे दाखवायला पनवेलला आली होतीस, माझ्याकडे उतरली होतीस. सायली दोन दिवसांसाठी मैत्रिणीकडे गेली होती.

आता ती सकाळ. ती मी डोक्यात इतक्या वेळा मांडून पाहिली आहे, की ओट्यावरचं पातेलं कुठे होतं तेही सांगेन. मी फ्रीज पुसायला काढला. डबा बाहेर काढला, उघडला, तर काही नळ्यांतलं अल्कोहोल खाली गेलेलं. टोपणं सैल राहिली असावीत. मांस पांढरं पडलेलं, आखडलेलं. मला वाटलं, पोरीचं सगळं कुजणार. आणि मला काय सुचलं, तर जे तीस वर्षं सुचत आलं तेच. स्पिरिटमध्ये मासा आखडतो, फॉर्मलिनमध्ये टिकतो. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक वर्गाला मी हे वाक्य लिहून दिलं होतं. बाल्कनीच्या कपाटात बाटली होतीच.

मी तुला हाक मारली. आपण दोघी ओट्याशी उभ्या राहिलो, जुन्यासारख्या. तू नळ्या क्रमाने पुढे करायचीस, मी जुनं ओतून नवं भरायचे. ओघळ येऊन तारखा पुसट झाल्या होत्या, म्हणून मी त्या सगळ्या नव्या चिठ्ठ्यांवर लिहून काढल्या. तेहतीस नळ्या, तेहतीस चिठ्ठ्या, एका ओळीत. मला फार बरं वाटत होतं, हिरा. आपल्याला पुन्हा काम मिळालं होतं.

तू एकदाच विचारलंस. पाचवी-सहावी नळी असेल. "बाई, पोरीला इचारू का?"

मी म्हटलं, "तिला काय विचारायचंय? नमुना कसा टिकवायचा ते ती मला शिकवणार का?"

तू पुढची नळी दिलीस.

मैत्रेयी, तुला हे आधीच कळलं असेल. निखिलला सांग. फॉर्मलिनमध्ये माशाचा आकार टिकतो, खवले टिकतात, काटे मोजता येतात, म्हणजे मला जे लागायचं ते सगळं टिकतं. पण आतला डीएनए एकमेकांत गुंतून, तुटून जातो. वाचायला गेलं तर हाती जवळपास काही लागत नाही. माझ्या शिकण्याच्या काळात ते कुणी वाचतच नव्हतं. सायली मात्र फक्त तेवढंच वाचणार होती.

ती आली, डबा उघडला, आणि तिला वास आला. तिने एक नळी उघडली, नाकाजवळ नेली आणि हळूच खाली ठेवली. "हे कुणी केलं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण माझ्याआधी तू बोललीस. "मी केलं. वास येत व्हता. मनात आलं, जुनी बाटली हाय, भरावी."

"आज्जी, तुला कुणी हात लावायला सांगितलं होतं?"

"चुकलं माजं."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "होतं असं कधी कधी." हे चार शब्द मी बोलले. ते मला परत घेता येत नाहीत.

सायली रडली नाही. डबा घेऊन आत गेली, दार लावून घेतलं. मी तुला ओट्याशी धरलं. "हे काय केलंस? मी सांगते तिला." तू माझा हात सोडवलास आणि भांडी विसळायला घेतलीस. "ऱ्हाऊ द्या. तिला वर्षभर तुमच्याकडं ऱ्हायचं हाय. माज्यावर रागावली तर चार दिसांत इसरल. तुमच्यावर रागावली तर बोलायची नाय, गिळून ऱ्हाईल. जेवायची पन नाय नीट."

"मग कधी सांगायचं?"

"परीक्षा झाल्यावर सांगा. तवर मी हाय की."

मी तुझं ऐकलं. तुझं ऐकणं मला सोयीचं होतं, हेही मुलांनी वाचावं.

चार दिवसांत ती विसरली नाही. ती रविवारी करंज्याला जायची, तुझ्याशी कामापुरतं बोलायची, परत यायची. तीन आठवडे. मग एका सकाळी लिलावाहून परत आलीस, चहा ठेवलास आणि चुलीपाशीच बसलीस, ती उठली नाहीस.

बाराव्याच्या दिवशी पाठीमागच्या दारात मी सायलीला तिच्या आईला सांगताना ऐकलं, "आज्जीशी मी शेवटचं धड बोललेच नाही गं." तिथून मी सरळ एसटी स्टँडवर आले. चपला हातात होत्या, त्या घालायच्या राहिल्या होत्या, हे मला रस्त्यावर कळलं.

सरांनी तिला सांगितलं आहे: नमुने गेले, हंगामातले ते दिवस पुन्हा मिळत नाहीत, प्रकार बदल, संगणकावरचा नाहीतर वाचनाचा घे, मार्क कमी पडणार नाहीत. मार्क मिळतीलही. पण तो प्रश्न मग कुणी विचारणार नाही. आणि ती जन्मभर असं धरून चालेल, की तिचा प्रोजेक्ट तिच्या आज्जीने बुडवला आणि त्यासाठी आज्जीवर रुसलेली असताना आज्जी गेली. यातलं पहिलं खोटं आहे. ते खोटं फक्त मला पुसता येतं. माझं वय त्र्याहत्तर आहे, मला रक्तदाब आहे, आणि ती पलीकडच्या खोलीत आहे. बारा पावलं असतील.

आज मी तीनदा उठले. एकदा तिला विचारलं, "दूध हवं का?" एकदा विचारलं, "पंखा कमी करू?" तिसऱ्यांदा दारापर्यंत जाऊन परत आले आणि धोब्याची वही तपासत बसले.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "बाई, परीक्षेला तुमी बसलाय का ती?"

*

हिरा, मधे तीन दिवस गेले. आज शुक्रवार. काल संध्याकाळी सांगितलं.

मी ठरवलं होतं की वरची पानं वाचून दाखवायची, म्हणजे एकही शब्द चुकायचा नाही. चष्मा लावला, पानं नीट लावून घेतली, तिच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसले. ती फॉर्म समोर ठेवून बसली होती. तीन चौकोन, तिन्ही रिकामे. मी पानं खाली ठेवली आणि म्हटलं, "सायली, त्या नळ्यांत फॉर्मलिन मी ओतलं. आज्जीने नाही."

तिने पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "माहितीये."

मला ऐकू आलं, पण कळलं नाही.

"बाई, सगळ्या चिठ्ठ्या तुमच्या अक्षरात होत्या. तारीख, महिना, खाली रेघ. मी दहा वर्षांची असल्यापासून तुमच्या डब्यांवर ते अक्षर बघतेय. आज्जीला इंग्रजी लिहिता तरी येत होतं का?"

तेहतीस चिठ्ठ्या, हिरा. मी इतक्या नीट लिहिल्या होत्या. आणि तू आणि मी दोघींनाही ते सुचलं नाही.

मी म्हटलं, "मग तू आज्जीशी का बोलत नव्हतीस?"

आता ती रडली. पण आवाज चढवूनच बोलली, आणि बरं झालं. "कारण ती खोटं बोलली! तुमच्यासाठी! आयुष्यभर तुमच्या बरण्या धुतल्या, अजून तुमची चूक पण तिनंच धुवायची? मी म्हटलं तिला, आज्जी, खरं सांग. तर म्हणते, मी सांगितलं तेच खरं. मी म्हटलं, जोवर खरं सांगत नाहीस तोवर बोलणार नाही. आणि तुम्ही, बाई... मी रोज सकाळी चहा घेताना वाट बघायचे, आज तरी बोलतील. तुम्ही विचारायचात, साखर बरोबर आहे का?"

मी म्हटलं, "मला भीती वाटली."

"कशाची?"

"तू निघून जाशील याची. आणि माझं चुकलं, हे मला तुझ्याकडून शिकावं लागेल याची."

खाली सोसायटीत कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तो आवाज येत राहिला. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "मी जाणार नाहीये. माझे कपडे मशीनला लावलेत." मला हसू आलं, तिलाही आलं, आणि मग दोघीही परत रडलो. ते मी इथे लिहीत नाही.

पुढचं मात्र तुला सांगायलाच हवं. तिने पलंगाखालून तिची बॅग ओढली आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला. "आईने दिलाय. आज्जीच्या फळीवर होता, तांदळाच्या डब्यामागे. आई फेकणार होती. पण आज्जी तिला म्हणाली होती, बाईंना दाखवायचं हाय. रागात होते म्हणून दिला नाही तुम्हाला. उघडलाही नाही."

मी उघडला. आत कागदाच्या पुड्या. तुझ्या घरी दाराशी रोज एक पान फाडायचं ते कॅलेंडर आहे ना, त्याची पानं. एकेका पानाची एकेक घडी, वर छापलेली तारीख. मी पहिली घडी सोडली. आत सुकलेली, पातळ, कागदासारखी एक शेपटी होती. ढोमीची.

रोजच्या माशाचा तुकडा नळीत टाकून झाला की तू शेपटी कापून त्या दिवसाच्या पानात ठेवत होतीस. लिहायची गरज नाही, तारीख छापलेलीच. जोड, म्हणजे त्याच माशाचा दुसरा नमुना, ठेवल्याशिवाय बाटली बंद करायची नाही, हे मीच तुला शिकवलं होतं, आणि मी स्वतः मात्र त्या दिवशी जोड न ठेवता तेहतीस नळ्या रिकाम्या केल्या होत्या.

तू हे मला का दाखवलं नाहीस, ते मला कळलं. सुकलेला नमुना म्हणजे वाया गेलेला नमुना, हेही मीच शिकवलं होतं. नळ्या गेल्यावर या शेपट्यांचा काही उपयोग असेल असं तुला वाटलंच नसणार. तू त्या फक्त भांडणासाठी ठेवल्या होत्यास. कारण डब्यात दोन पुडकी होती. एक लाल दोऱ्याने बांधलेलं, एक जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने. मी दोन्हींतली एकेक शेपटी टेबलावर ठेवून भिंगाखाली पाहिली. मला फरक दिसला असं मी म्हणणार नाही. दिसला नाही असंही म्हणणार नाही. तुला मात्र दिसला होता, आणि तू रोज पहाटे ठरवून एकेक शेपटी लाल किंवा निळ्या पुडक्यात घालत होतीस.

माझ्या तोंडात आलं होतं, "सुकलंय, याचं काही होणार नाही." जिभेवर होतं. मी डबा सायलीपुढे केला आणि म्हटलं, "हे उपयोगाचं आहे का? मला माहीत नाही. तू सांग."

तिने एक पान उजेडात धरलं. मग हात धुऊन आली, पुन्हा धरलं. कितीतरी वेळ बघत होती. "पराच्या सुक्या तुकड्यातून निघतो डीएनए," ती म्हणाली. "लोक काढतात. आपल्याकडे निघेल का, माहीत नाही. हाताळलेल्या आहेत, बुरशी असू शकते, एकमेकींना लागल्या असतील तर... पण प्रत्येक वेगळ्या कागदात आहे, बाई. बघा ना. प्रत्येक वेगळ्या कागदात!"

तिने सरांना फोन केला. सरांनी आधी "सुकलेल्या?" असं दोनदा विचारलं, मग "कागदात? तारखेसकट?" असं विचारलं, आणि मग म्हणाले, आधी दोनच करून बघ, एक या पुडक्यातली, एक त्या, बाकीच्यांना हात लावू नकोस. दोन ढीग कुणी केले आणि कशावरून, तेही लिहून ठेव, ते प्रोजेक्टमध्ये यायला हवं. सायली म्हणाली, "सर, नाव कसं लिहू? ती शिकलेली नव्हती." सर म्हणाले, "नमुने गोळा करणारी आणि वर्गवारी करणारी म्हणून लिही. शिकलेली होती की नव्हती, तो रकाना फॉर्मवर नाही."

फोन ठेवून तिने पहिल्या चौकोनात खूण केली. प्रयोग. पेन इतकं दाबलं की खालच्या पानावरही उमटली. मी म्हटलं, "नाही निघाला तर?" ती म्हणाली, "तर तसं लिहीन. पण विचारलं होतं, हे तर राहील." मैत्रेयी, तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे याहून बरं उत्तर नाही. यातून तुला काय घ्यायचं ते घे.

मला काल झोप लागली नाही. दमट हवा शिरेल, मुंगी लागेल, सायलीच्या हाताने पहिलीच शेपटी वाया जाईल, सगळं मनात येऊन गेलं. सकाळी उठून डब्यात शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी ठेवणार होते. ठेवली नाही. ज्या क्रमाने तू ठेवलं आहेस तो क्रम मी बदलणार नाही, त्यावर माझं अक्षर नको.

आपलं भांडण मिटलेलं नाही, हिरा. तू बरोबर असशील. मी बरोबर असेन. सायलीची मशीनही कदाचित नीट काही सांगणार नाही. कळेल तेव्हा मी करंज्याला येऊन तुझ्या दाराशी, कॅलेंडरच्या खिळ्यापाशी, मोठ्याने सांगेन. तू जिंकलीस तर तुझ्या सुनेच्या हातची ढोमी खाईन. दोन्ही प्रकारची. हे मी तुझ्याकडे तीस वर्षं नाकारत आले, आणि तुझ्या हातची आता मिळणार नाही.

मैत्रेयी, निखिल, तुम्हाला हे पत्र पाठवायच्या आधी मी काल संध्याकाळीच सायलीबरोबर डबा मोजला. नळ्या तेहतीस होत्या. शेपट्या एकतीस आहेत; दोन दिवसांची पानं डब्यात नाहीत, का ते हिराच सांगू शकली असती. लाल दोऱ्यात अठरा, निळ्या दोऱ्यात तेरा. सगळ्या कोरड्या आहेत.